सदर संशोधिका गाडी शिकते

माझ्या लघुप्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात आईचा उल्लेख ‘सदर संस्थेतील ज्येष्ठ प्रशिक्षिका’ असा होता. बाबा ‘संस्थेचे व्यवस्थापक’ होते. मी स्वतः ‘प्रस्तुत संशोधिका’ होते. ही प्रस्तुत संशोधिका त्याच संस्थेच्या वरच्या मजल्यावर राहते, तिथेच जेवते आणि ज्येष्ठ प्रशिक्षिकेची बोलणी खातच लहानाची मोठी झाली आहे, हे मात्र मसुद्यात कुठेही आलं नव्हतं.

मी समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. विषय होता ‘वाहनचालन प्रशिक्षण आणि प्रौढ स्त्रिया’. तो निवडताना मी फार डोकं चालवलं नव्हतं. घराखाली आई-बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, मुलाखती घरबसल्या होतील, उन्हातान्हात वणवण नको, एवढाच हिशोब. आणि लिहायचं कसं ते पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी अंगी मुरवलं होतं. संशोधनात ‘मी’ नको. ‘मी’ दिसला की ते त्याच्याभोवती लाल गोल काढायचे. त्यामुळे ‘असे आढळून आले’, ‘असे निदर्शनास आले’ यात आम्ही सगळे पटाईत झालो होतो. वर्गात कुणाला भूक लागली तरी ‘भूक लागल्याचे निदर्शनास आले आहे’ असं म्हणायची पद्धत पडली होती.

या वर्षी मार्गदर्शक म्हणून मॅडम मिळाल्या. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाकी सगळी पुस्तकं. त्यांचा चष्मा डोक्यावर असायचा आणि त्या तो टेबलावर शोधत असायच्या. मसुदा वाचून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

“ही ज्येष्ठ प्रशिक्षिका भारी आहे,” त्या म्हणाल्या. “हिच्यावर तू फक्त दीड पान लिहिलंयस. अजून एखादी मुलाखत देईल का ती?”

“देईल की. सकाळी चहाच्या वेळी विचारीन.”

“बरीच ओळख दिसतेय.”

“आई आहे माझी.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग मसुद्याकडे पाहिलं. “आणि हे व्यवस्थापक?”

“बाबा.”

“अच्छा. आणि ‘संशोधिकेस संस्थेत सुलभपणे प्रवेश मिळाला’ हे जे लिहिलंयस...”

“जिना उतरलं की संस्थाच लागते, मॅडम.”

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खोलीतले प्राध्यापक काय झालं म्हणून डोकावून गेले. मीही हसले. मग डोळे पुसत त्यांनी सहज म्हणून विचारलं, “म्हणजे तुला गाडी अगदी सफाईने येत असणार.”

“नाही. मला नाही येत गाडी.”

त्यांचं हसू थांबलं. “का गं?”

हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता. घरात सगळ्यांना उत्तर माहीत होतं आणि बाहेरचे लोक मला येतच असेल असं धरून चालायचे. “नाही जमलं,” मी म्हटलं. “अंगच नाही मला गाडीचं.”

“अगं, ड्रायव्हिंग स्कूलच्या घरात वाढलेली मुलगी. तिला गाडी येत नाही. ती दुसऱ्या बायका गाडी कशा शिकतात यावर प्रबंध लिहिते, आणि यातली एक ओळ प्रबंधात नाही! मला विचारशील तर तुझा विषय हाच आहे. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.”

मग त्यांनी मला ऑटोएथ्नोग्राफी म्हणजे काय ते समजावलं. तो शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता, त्यापलीकडे त्याचा आणि माझा संबंध आला नव्हता. “स्वतःच्या अनुभवात उभं राहून आपल्या माणसांकडे बघायचं,” त्या म्हणाल्या. “ही डायरी नव्हे, आणि रडगाणं तर नाहीच नाही. ‘मला वाईट वाटलं’ इथे थांबलीस तर ती फक्त तुझी गोष्ट होईल. का वाटलं, तसं आणखी कुणाला वाटतं, तुझ्या घराने आणि तुझ्या गल्लीने ते वाटणं कसं घडवलं, इथपर्यंत गेलीस तर त्यात आम्हालाही काही मिळेल.”

“म्हणजे मी ‘मी’ लिहू?”

“लिही. पण फुकटचा नको. प्रत्येक ‘मी’ने काहीतरी काम केलं पाहिजे.”

“पण सर...”

“सरांना मी बघते. तू आधी गाडी शिक.”

घरी आले तेव्हा आई स्कूलच्या दारात गाडीतल्या पायपुसण्या धूत होती. आमचं स्कूल म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. दोन बाकं, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आणि मधोमध एक मोठं टेबल. त्यावर बाबांनी रंगाने रस्ते, चौक आणि झेब्रा क्रॉसिंग काढलेत, आणि खेळण्यातल्या गाड्या फिरवत ते नियम शिकवतात. बाबांना सगळे नियम तोंडपाठ आहेत. मात्र एक डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे त्यांनी टेबलाबाहेर कधी गाडी चालवलेली नाही. रस्त्यावरचं सगळं आईकडे. दारात उभी असते ती छोटी गाडी. तिला आईच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक आहे. शिकणाऱ्याचं भान सुटलं तर आई तिथून गाडी थांबवू शकते.

मी बाकावर बसून आईला सगळं सांगितलं.

“ऑटो म्हणजे ऑटोमॅटिक ना?” आई म्हणाली. “बरं आहे. क्लचची कटकट नाही.”

“गाडीतलं ऑटो नाही गं. ऑटो म्हणजे स्वतः. स्वतःबद्दल लिहायचं.”

“एवढंच? मग त्याला कॉलेजची फी कशाला भरायची?”

टेबलापाशी बाबा एका चिमुकल्या ट्रकचं चाक बसवत होते. त्यांनी मान वर केली. “स्वतःबद्दल म्हणजे घरच्यांबद्दलही येणार असेल ना?”

“येणार.”

“मी असेन का त्यात?”

“असाल की, बाबा.”

“नाही, म्हटलं आपली वाक्यं आधी तयार ठेवलेली बरी.”

“आणि आई,” मी घाईघाईने म्हणून टाकलं, “मला गाडी शिकायचीय.”

आईने नळ बंद केला. आमच्या घरात हा विषय कधी भांडणाने संपला नव्हता, तो नुसताच मिटला होता. मला अठरा पूर्ण झाली तेव्हा आई मोठ्या कौतुकाने मला घेऊन निघाली होती. गाडी आचके देत दर चार पावलांवर बंद पडत होती. भर चौकात मधोमध बंद पडली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्ला आणि त्यात आईचं ओरडणं. मी दार उघडून उतरले आणि सरळ घरी चालत आले. त्यानंतर ‘तिला गाडीचं अंग नाही’ हे वाक्य घरात रुळलं. ते इतक्यांदा म्हटलं गेलं की माझ्या उंचीसारखं, केसांच्या रंगासारखं ते माझंच होऊन गेलं. पाहुण्यांना मी स्वतःच हसत हसत सांगायचे.

“शिक की,” आई पायपुसणी झटकत म्हणाली. “शनिवारी सिस्टर येतात. त्यांच्याबरोबर ये. आधी मागे बसून बघ, मग चालव.”

सिस्टर म्हणजे एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. उंच, खणखणीत आवाजाच्या. लेकीकडे जायचं तर दर वेळी जावयाची मनधरणी करावी लागते याचा कंटाळा येऊन त्या गाडी शिकायला आल्या होत्या. गाडीशी त्या रुग्णासारखं बोलायच्या. “चल बाळा, घाबरायचं नाही. आता दुसरा टाकणारे मी, अजिबात दुखणार नाही.”

मी मागच्या सीटवर बसले आणि बघायला लागले. खरं सांगायचं तर आईला काम करताना मी त्याआधी असं कधी पाहिलंच नव्हतं. मसुद्यात मी तिला ‘कडक शिस्तीच्या’ म्हटलं होतं, कारण घरात दूध उतू गेलं तर सगळ्या इमारतीला कळतं. गाडीतली ही बाई निराळी होती. आवाज मऊ, हात मांडीवर. आणि पाय? ते ब्रेकपासून चांगले लांब, पायपुसणीवर निवांत टेकलेले.

एका वळणावर फुटपाथवरून एक चेंडू टप्पे खात रस्त्यावर आला. मागच्या सीटवर मीच श्वास रोखला. आई फक्त म्हणाली, “चेंडू आला, म्हणजे मागून कोण येणार?”

“पोर येणार,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनीच ब्रेक दाबला. गाडी थांबली. चेंडूमागून पोरही आलं, चेंडू उचलून पळालं.

“झालं,” आई म्हणाली. “आता तुम्हाला माझी गरज कमी झाली.”

सिस्टरचा चेहरा असा फुलला की बस. मी फोनवर पटापट टिपून घेतलं: आईचा पाय हललाच नाही. मग मनात आलं, ही अशी शिकवणारी बाई मला कधी भेटलीच नाही. मला शिकवायला आली होती ती कोण होती?

मग माझी पाळी आली. गावाच्या कडेला एका बंद गोदामामागे मोठं मोकळं आवार आहे, तिथे आई नवख्यांना नेते. सिस्टर मागे गेल्या, मी पुढे आले. सीट सरकवली, आरसे नीट केले, पट्टा लावला. बाबांचे सगळे नियम मला पाठ होतेच. क्लच दाबला, पहिला गियर टाकला, क्लच हळूहळू सोडला. गाडी जेमतेम हलली, आचका देऊन बंद पडली.

“असू दे,” आई म्हणाली. “परत घे.”

परत घेतली, परत बंद. पुन्हा तेच. कान तापायला लागले. तोच जुना आचका. नाहीच आपल्याला अंग, मी मनात म्हटलं. एरवी मी तिथेच गाडीतून उतरले असते. पण मॅडमनी बजावलं होतं, नको वाटेल त्या क्षणी जास्त नीट बघायचं. म्हणून मी बघितलं. गियर बघितला, हँडब्रेक बघितला, स्वतःचे पाय बघितले. मग पलीकडे बघितलं.

आई समोर काचेतून पाहत होती. आवाज तसाच मऊ. “हळू सोड. हळू.” आणि तिचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर होता. नुसता ठेवलेला नव्हता, चांगला रोवलेला.

“आई, पाय.”

“तेच म्हणतेय मी. पाय हळू सोड.”

“माझा नाही गं. तुझा.”

आईने खाली पाहिलं. तो पाय शेजारणीने तिथे विसरून ठेवला असावा असा तिचा चेहरा झाला. “छे! आत्ता ठेवला असेल चुकून.”

“आत्ता नाही हो, बाई,” मागून सिस्टर म्हणाल्या. “बसल्यापासून दाबून आहात. मला वाटलं, पोटच्या पोरीला शिकवायची काहीतरी वेगळी पद्धत असेल.”

आईने पाय उचलून मागे घेतला. “घे आता.”

मी गाडी सुरू केली. यावेळी ती खरोखर चालायला लागली, आणि मग आचका. आम्ही तिघींनी एकदमच खाली पाहिलं. पाय परत ब्रेकवर.

आधी सिस्टरना हसू फुटलं. मग मला. आई चिडली. “हसताय काय? मी नाही ठेवत. तो आपोआप जातो!”

“ऑटोमॅटिक,” मी म्हटलं, आणि मग आईलाही आवरेना. आम्ही तिघी त्या गाडीत इतक्या हसलो की काचांवर वाफ धरली.

हसणं ओसरल्यावर आईने पदराने काच पुसली. “बाकीचे शिकायला आलेत हे माझ्या पायाला माहीत असतं,” ती म्हणाली. “तुझ्या वेळी पायाला वाटतं, आता तू धडकणार. डोकं म्हणतं शिकव, पाय म्हणतो थांबव.”

“मग तेव्हासुद्धा, अठराव्या वर्षी...”

“काय माहीत,” आई म्हणाली. “तेव्हा कुणी खाली बघितलंच नाही.”

मग तिने एक काम केलं. चपला काढल्या, सीट होती तेवढी मागे सरकवली, पाय वर घेतले आणि त्या अरुंद जागेत चक्क मांडी घालून बसली. वर दोन्ही हातांनी स्वतःच्या पायांचे अंगठे घट्ट धरले. “घे,” ती म्हणाली. “आता माझे पाय माझ्या ताब्यात आहेत.”

मी क्लच सोडला. गाडी निघाली. गोदामाच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, जुन्या लाकडी खोक्यांच्या बाजूने परत आली, पुन्हा वळली. कुठेही आचका नाही. आई डोळे मोठे करून समोर बघत होती आणि अंगठे धरून पुटपुटत होती, “वळव, वळव, छान, सोड आता, छान.” मागून सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की थांबायचं कसं तेच मी विसरले आणि आम्ही आवाराला आणखी एक फेरी मारून आलो.

त्या दिवशी घरी जाऊन मी लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं, “प्रस्तुत संशोधिकेची गाडी वारंवार बंद पडत असल्याचे आढळून आले.” वाचून मलाच हसू आलं. खोडलं. लिहिलं, “मी गाडी सुरू करत होते आणि आई ती थांबवत होती, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.” मग मला थांबावं लागलं नाही. जेवायला ये म्हणून बाबांनी जिन्यातून हाक मारली तेव्हा मान वर केली.

मॅडमना ते आवडलं, पण त्यांनी एक अट घातली. “तू ज्यांच्याबद्दल लिहितेस त्यांनी तुला लिहायला सांगितलेलं नाही. त्यांना वाचून दाखव. त्यांचं म्हणणं ऐक.”

म्हणून रविवारी दुपारी स्कूलचं शटर अर्धं खाली ओढून, बाबांच्या टेबलावरच्या गाड्या बाजूला सारून मी वाचायला लागले. आई बाबांचं सराव-परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायचं लाल पेन घेऊनच बसली होती.

“वय काढ,” पहिल्याच पानावर ती म्हणाली.

“वय लागतं अगं संशोधनात.”

“तुझं घाल की मग.”

वय काढलं. ‘कडक’ शब्दावर बरीच ओढाताण झाली, शेवटी ‘घरात कडक’वर तडजोड झाली. मांडीचा प्रसंग तिने दोनदा वाचायला लावला आणि दोन्ही वेळा तोंडावर पदर धरून हसली. मग मी चौकातल्या जुन्या दिवसाकडे आले. “आई माझ्यावर ओरडली,” असं मी लिहिलं होतं.

“मी नाही ओरडले,” आई म्हणाली.

“ओरडलीस, आई. मला आवाज अजून आठवतो.”

“अगं, माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तू रस्त्याच्या मधोमध उतरून चालायला लागलीस.”

“मग कोण ओरडलं? ‘अक्कल आहे की नाही’ म्हणून?”

“टेम्पोवाला,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो.

“तुमच्या मागे होता तो. दुसऱ्या दिवशी इथे आला होता. गाडीवर स्कूलचा पत्ता वाचला म्हणाला. शिकणाऱ्या पोरीवर उगाच खेकसलो, फार वाईट वाटलं, म्हणाला. मी त्याला चहा पाजला.”

“अहो, मग सांगायचं नाही का?” आई म्हणाली.

“तुम्ही दोघी बोलत होता का एकमेकींशी? मी कुणाला सांगणार? नंतर राहून गेलं.”

इतकी वर्षं तो आवाज माझ्या डोक्यात आईचाच होता. शब्द, चढलेला सूर, सगळा तिचा. एका टेम्पोवाल्याचं बोलणं मी आईच्या तोंडी घालून ठेवलं होतं आणि तिला त्याची गंधवार्ताही नव्हती. मी उठून तिच्या गळ्यात हात टाकले. “पेन लागेल,” ती म्हणाली, पण तिने पेन बाजूला धरलं आणि मला तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, “आता खरं काय म्हणून लिहू?”

“तुला काय आठवत होतं ते लिही. आईला काय आठवतं ते लिही. बाबांचा टेम्पोवाला लिही. तिन्ही एकाशेजारी ठेव आणि तुझ्या आठवणीने आईचाच आवाज का निवडला असेल, त्याचा विचार कर. तुझं काम तिथे आहे.”

मग मी स्कूलमध्ये येणाऱ्या बायकांशी पुन्हा बोलले. आधी मी यादीतले प्रश्न विचारत होते आणि त्या यादीतली उत्तरं देत होत्या. यावेळी आधी माझी गोष्ट सांगितली. झालं, एकेकीचं तोंड उघडलं. केक बनवणाऱ्या एकीचा भाऊ शेजारी बसून सारखं स्टिअरिंगला हात घालायचा. बँकेत काम करणाऱ्या एकीचा मुलगा म्हणायचा, “तू कशाला त्रास घेतेस? मी सोडतो ना तुला,” आणि मग सोडायला त्याला वेळ नसायचा. एकीचे सासरे ती गाडीतून निघाली की पोचेपर्यंत फोन करत राहायचे. सगळी मायेची माणसं. सगळ्यांचा पाय कुठल्या ना कुठल्या ब्रेकवर. मी घरी येऊन लिहीत गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी माझ्याबद्दल लिहायला घेतलेलं प्रकरण आता माझ्या एकटीचं उरलेलं नाही. ‘मी’ होता, पण आता त्याला शेजारीपाजारी होते.

सादरीकरणाच्या दिवशी परीक्षक म्हणून समोर कोण बसावं? लाल गोलवाले सर. मी वाचत असताना त्यांचं पेन हातात सारखं हलत होतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “ओघवतं आहे. पण यात तटस्थता कुठे आहे?”

“पहिल्या मसुद्यात मी तटस्थ होते, सर,” मी म्हटलं. “तेव्हा मला आईचा पाय दिसला नव्हता. गाडीत बसले तेव्हा दिसला.”

मागे कुणीतरी हसलं. मॅडम गंभीर चेहऱ्याने टेबलावर चष्मा शोधू लागल्या. सरांनी काहीतरी लिहून घेतलं. “हं. विचार करावा लागेल,” म्हणाले. आणखी दोन कठीण प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं, दुसऱ्याचं आलं नाही, आणि तसं मी सांगून टाकलं.

बाहेर व्हरांड्यात ते मला गाठायला आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “मी सध्या माझ्या मुलीला गाडी शिकवतोय. सारखी बंद पडते.”

“तुमचा पाय, सर?”

“आमच्या गाडीला तशी सोय नाही.” त्यांनी पुन्हा इकडेतिकडे पाहिलं. “मी हँडब्रेक धरून बसतो.”

त्यांच्या मुलीला पुढच्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडे पाठवलं. माझ्या प्रबंधावर मात्र शेरा दिलाच: ‘चांगला प्रयत्न. “मी” अजूनही जास्त आहेत.’ मी पास झाले, बऱ्यापैकी चांगली. लायसन्सच्या परीक्षेत मात्र पहिल्यांदा नापास. गाडी मागे घेताना कडेला रोवलेली दांडी पाडली. आई म्हणाली, “माझी मुलगी म्हणून उगाच पास केलं नाही, इन्स्पेक्टर चांगला माणूस आहे.” दुसऱ्यांदा दांडी उभी राहिली.

लायसन्स आलं त्याच महिन्यात सिस्टरचा फोन आला. त्या स्वतः गाडी चालवत लेकीच्या गावी जाऊन राहिल्या होत्या आणि आम्हा सगळ्यांना चहाला बोलवत होत्या. लांबचा रस्ता होता. बाबांना मागे बसलं की मळमळतं, म्हणून ते पुढे बसले. चालवणार मी. उरली फक्त मागची सीट. आई तिथे बसायला गेली तेव्हा तिला पट्टा कुठून ओढायचा तेच सापडेना. घरात चालवणारी ती एकटीच, मागे ती कधी बसणार?

गावाबाहेर पडेपर्यंत तिच्या सूचना चालू होत्या. आरसा बघ. तो बसवाला वळणार बघ. गियर बदल, गाडी रडतेय. मी हो हो म्हणत होते. पुढे मोठा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना झाडं आली आणि सूचना विरळ झाल्या. मग बंदच झाल्या. तिला राग आला की काय म्हणून मी आरशात पाहिलं. आई काचेला डोकं टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, चपला कुठेतरी सीटखाली गेलेल्या.

बाबांनी मागे वळून पाहिलं आणि माझ्याकडे झुकून कुजबुजले, “हे लिही.”

“प्रबंध जमा झालाय, बाबा.”

“तरी लिही. आणि हे मी सांगितलं असंही लिही.”

वाटेत पूल लागला, घाट लागला, एक लांबच लांब ट्रक मागे टाकावा लागला. बाबा खिडकीतून दिसेल ती प्रत्येक पाटी हळू आवाजात वाचत होते. फाटकापाशी सिस्टर उभ्या होत्या, दोन्ही हात हलवून मला गाडी कुठे लावायची ते दाखवत होत्या. इंजिन बंद झालं तशी आई दचकून जागी झाली आणि तिने बाहेर पाहिलं.

“पोचलो?”

“पोचलो.”

“पुलावरून आलीस? आणि घाटातून?”

“हो.”

“मला कळलंच नाही,” आई म्हणाली, आणि वाकून चपला शोधू लागली.